मुळासकट तेरडा

फुलं बघायला माणसं गाडी करून डोंगरावर जातात, हे सुनेनं सांगितलं तेव्हा मला आधी हसू आलं. आमच्या वेळी डोंगरावर जायचं ते सरपणाला, नाहीतर चुकलेली म्हैस हुडकायला. पण तिनं मोबाईल माझ्यापुढं धरला. हिरवा डोंगर, त्यावर गुलाबी-पिवळे पट्टे, खाली डोंगराचं नाव. माझी शाळा सातवीपर्यंत, तीही रडतखडत, त्यामुळं वाचायला वेळ लागतो. नाव वाचलं आणि हसू गेलं. तो माझ्या बायकोच्या माहेरचा डोंगर होता.

"कधी जाणार?" मी विचारलं.

"रविवारी. ऑफिसातल्या आम्ही चौघी आहोत, बाकीचे अनोळखी. सकाळी सहाला चौकातून गाडी सुटते. तिथं गावातलाच एक गाईड असतो, तो वर नेतो आणि फुलांची माहिती सांगतो."

"मी पण येतो."

सून बघतच राहिली. "मामा, चढ आहे. तीन तास वर, दोन तास खाली."

"मग? चढावर मरतोय व्हय मी?"

दोन वर्षं झाली, आमच्या घरात मरणाचं नाव कुणी काढत नाही. मीच काढतो.

मी चाकणजवळच्या एका गावचा. शेत होतं, ते कंपन्यांच्या पट्ट्यात गेलं. मग फोर्जिंगच्या शॉपमध्ये हॅमरवर लागलो. लाल झालेलं लोखंड सांडशीत धरायचं आणि हॅमरखाली सारायचं. आयुष्यभर एवढंच केलं. रिटायर झाल्यावर घरी बसवेना, म्हणून एका गोडाऊनच्या गेटवर वॉचमन झालो. ही गेल्यावर गावातलं घर कुलूप लावून बंद केलं आणि मुलाकडं पिंपळे सौदागरला आलो. सातव्या मजल्यावर राहतो. खिडकीतून समोरची सोसायटी दिसते, आणि तिच्या खिडकीतून आमची.

आमच्या घरात गौरी तेरड्याच्या. म्हणजे तेरड्याचं रोप मुळासकट उपटून आणायचं, त्याला साडी नेसवायची, वर पितळी मुखवटा बसवायचा. मुळं म्हणजे गौरीचे पाय. मुळं तुटली की ती गौर नव्हे, नुसता पाला. हे मला इतकंच माहीत होतं, आणि तेही ऐकून.

चाकणच्या बाजारात गौरीच्या आधी तेरड्याच्या जुड्या येतात. गावातल्या सगळ्या बायका तिथूनच घ्यायच्या. हिनं कधी घेतली नाही. म्हणायची, "गौर म्हंजी माहेरवाशीण. ती माहेरच्या डोंगरावनं याया पायजे. बाजारातनं आली तर ती कसली पाहुणी, तो तर माल झाला." मग दर वर्षी गौरीच्या आदल्या दिवशी पहिल्या एसटीनं माहेरी जायची, डोंगर चढायची आणि ओल्या गोणपाटात तेरडा गुंडाळून दिवस मावळायला परत. एसटीत बसायला जागा मिळो न मिळो, वाटेत रोप खाली टेकवायचं नाही.

आणि दर वर्षी निघताना मला म्हणायची, "चला की एकदा. डोंगर फुललेला बघा तरी."

"डोंगर कुठं पळून चाललाय?" हे माझं ठरलेलं उत्तर. कधी शिफ्टचं कारण, कधी ओव्हरटाइमचं. वर चिडवायचो, "तेरड्याचा रंग तीन दिवस, आन् त्याच्यापायी एवढी पायपीट?"

"तीन दिस तर तीन दिस," ती म्हणायची. "तुमचा रंग तर एक दिस बी न्हाई दिसला."

वॉचमन झाल्यावर कारणही उरलं नव्हतं. रजा मागितली असती तर मिळाली असती. मागितली नाही. खोटं कशाला लिहू.

दोन वर्षांमागं, गौरी यायच्या दिवशी सकाळी, हिनं दारापासून आतपर्यंत कुंकवाची पावलं काढली. तेरडा हातात घेऊन उंबऱ्यापर्यंत आली आणि तिथंच खाली बसली. शेजारणीला वाटलं, साडी पायात आली. मी गेटवर ड्युटीला होतो. मला फोन लागेपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. गाव म्हणालं, कशी अचानक गेली बघा, काल तर डोंगर चढून आली होती. बायका म्हणाल्या, सवाष्ण गेली, भाग्याची. माझ्या भाग्याचं कुणी काही बोललं नाही. गाव आणि डॉक्टर जे म्हणाले तेच मीही दोन वर्षं म्हणत होतो. अचानक गेली.

आमच्याकडं एक रीत आहे. सणाच्या दिवशी घरात मयत झाली की तो सण त्या घरापुरता बंद. पुन्हा सुरू करायचा तर त्याच दिवशी घरात मूल जन्मावं लागतं, नाहीतर गोठ्यात वासरू. मूल मुलाला एक आहे आणि आता दुसरं नको म्हणतात. गोठ्याच्या जागेवर कंपनीचे ट्रक उभे राहतात, तिथं कोण गाय वीत बसणार? तेव्हा गौरी बंद. भावकीनं तेराव्यालाच सांगून टाकलं.

पण सुनेला बसवायच्या होत्या. ती बीडकडची, तिच्या माहेरी गौरींचा मोठा थाट. शिवाय हिनं तिला सगळं शिकवलं होतं, साडी नेसवण्यापासून पुरणाच्या दिव्यांपर्यंत. पहिलं वर्ष दुखवट्यात गेलं. यंदा गणपतीच्या आधी ती माझ्यापाशी येऊन बसली.

"मामा, भावकीचं मला माहीत नाही. घरात मोठे तुम्ही. तुम्ही हो म्हणालात तर मी बसवते. आत्यांचा मुखवटा कपाटात नुसता पडून आहे."

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. पण त्या दिवशी मोबाईलवर डोंगराचं नाव वाचलं आणि मी मनाशी ठरवलं. हिच्या डोंगरावरचा तेरडा मी माझ्या हातानं काढणार. मुळासकट घरी आला तर गौर घरात घ्यायची, मग भावकी काही का म्हणेना. नाही आला तर बंद ते बंद. हे कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतंच.

आमचा गणपती दीड दिवसाचा. तो शनिवारी पोचवला. रविवारी ट्रेक, मंगळवारी गौरी. हिशेब बरोबर बसत होता.

रविवारी पहाटे सून मुलाला म्हणाली, "चला ना तुम्ही पण. मामा येतायत, तुम्हाला काय झालं?"

मुलगा बूट घालत होता. चाकणला कंपनीत आहे, रविवारी ओव्हरटाइम लावला होता. म्हणाला, "पुढच्या वर्षी जाऊ. डोंगर काय पळून चाललाय?"

मी त्याच्याकडं बघितलं. त्याच्या ते ध्यानातही नव्हतं.

गाडीत सगळी तरणी पोरं-पोरी. पाठीला पिशव्या, अंगात रंगीत रेनकोट. माझ्या पायात कंपनीचे जुने सेफ्टी शूज, पुढं लोखंडी टोपी असलेले. एका मुलीनं विचारलं, "काका, हे ट्रेकिंगचे आहेत?" मी म्हटलं, "पायावर डोंगर पडला तरी काय व्हत न्हाई." ती हसली. चाकणच्या चौकात रविवार असून कंपन्यांच्या बस उभ्या होत्या. आमच्या गावाचा फाटा डाव्या हाताला गेला. मी तिकडं बघितलं नाही. सून बघत होती, माझ्याकडं.

हिच्या गावात उतरलो तर झिमझिम चालू होती. गाईड पन्नाशीचा बाप्या, कळकट पिवळा रेनकोट, गळ्यात शिट्टी. त्यानं सगळ्यांना गोल उभं केलं.

"नियम दोनच हायती. पायवाट सोडायची न्हाई आन् फुलाला हात लावायचा न्हाई. फोटो कितीबी काढा. पर फूल तोडलं, रोप उपटलं, तर मी शिट्टी वाजीवनार आन् तितनं सगळ्यांना माघारी आननार. आदी लोकं पोती भरून नेत व्हती. आता आमी गावानं बंद केलंय."

माझ्या पाठीवरच्या पिशवीत ओलं गोणपाट होतं.

मग प्रत्येकानं आपापली ओळख सांगितली. कुणी हिंजवडीचं, कुणी मारुंजीत भाड्यानं राहणारं. माझी पाळी आली. मी म्हटलं, "मी चाकणकडचा. डोंगरावर आदी कधी आलो न्हाई. सासुरवाडी मात्र इथलीच."

"इथली?" गाईड जवळ आला. "कुनाकडची?"

मी घर सांगितलं. खालच्या आळीतलं, पाण्याच्या टाकीजवळचं. त्या घरात आता हिचं सख्खं कोणी राहत नाही. गाईडनं डोक्यावरची टोपी काढली.

"मंजी आक्काचं मालक तुमी? आवो, दाजी!" मग सगळ्यांकडं वळून म्हणाला, "ऐका. चाळीस वर्सं झाली लग्नाला, आन् आमचं दाजी आत्ता डोंगर बघाया आलं. त्ये बी पुन्याच्या पोरींसंगं गाडी करून!"

सगळे हसले. मीही हसलो. दाजीची थट्टा करायचा गावाचा हक्कच असतो. पण हसणं संपल्यावर तो माझ्याजवळ येऊन हळू म्हणाला, "आक्का गेल्याचं उशिरा कळलं आमाला. मातीला याया जमलं न्हाई." आणि त्याला आणखी काहीतरी बोलायचं होतं ते त्यानं गिळलं. मला तेव्हा वाटलं, दुःखानं.

चढ खरंच उभा होता. तांबडी माती, निसरडे दगड. माझे बूट जड, पण पाय धरून होते. सून मागं-पुढं राहत होती, मी दम लागल्याचं दाखवत नव्हतो. गाईड थांबून थांबून दाखवायचा. ही सोनकी, ही कवला. ती लाल-पिवळी कळलावी, आमच्याकडं हिला गौरीचे हात म्हणतात. ओल्या कातळावरची ती बारीक निळी, सीतेची आसवं. मी ऐकत होतो आणि मला सगळं ठाऊक होतं. दर वर्षी गौरीच्या आदल्या रात्री भाकरी थापता थापता ही हेच सांगायची. यंदा सोनकी लई हाय. यंदा कवला कमी, पाऊस उघडला न्हाई. कातळावर आसवं अशी पडल्यात, पाय कुठं ठेवावा कळंना. मी बातम्या बघत हं हं करायचो. आता पुढचं फूल कुठं येईल हे मला आधी कळत होतं. तिनं सांगितलं होतं त्याच क्रमानं ते येत होतं.

वर सपाटी लागली आणि पोरं ओरडलीच. सगळं पठार गुलाबी. तेरडा कमरेइतका, वाऱ्यानं एका अंगाला झुकलेला. ढग खालून वर यायचे, पठार पुसून टाकायचे आणि परत सोडून द्यायचे. लोकांनी मोबाईल काढले. मला काही वाटलं नाही. चांगलं दिसतंय एवढं कळलं, जसं लग्नात जेवण चांगलं झालेलं कळतं, पण भूक नसते.

गाईड पुढं सगळ्यांचा एकत्र फोटो काढण्यात गुंतला. मी मागं राहिलो. एका दगडाआड गेलो, एक चांगलं सरळ रोप बघितलं, दोन्ही हातांनी खालून धरलं आणि ओढलं.

कट् झालं.

तेरड्याचं खोड पाण्यानं भरलेलं असतं, काकडीसारखं. मला हे माहीत नव्हतं. रोप माझ्या हातात आलं आणि मुळं मातीत राहिली. मी दुसरं धरलं, अजून खालून, जमिनीलगत. तेही तुटलं. तिसऱ्याला हळू ओढलं. ते हळू तुटलं. माझ्या हातांना तापलेलं लोखंड धरायचं माहीत. त्यांना दुसरं काही कधी शिकवलंच नव्हतं. तीन रोपं हातात होती, पाय एकालाही नव्हते. मी तिथं चिखलात गुडघ्यावर बसलो होतो आणि माझ्या तोंडून हिला शिवी गेली. चाळीस वर्षांत दिली नव्हती अशी. का मेलीस, मला काही न शिकवता का मेलीस.

"दाजी."

गाईड मागं उभा होता. मी रोपं पाठीमागं धरली, शाळेतल्या पोरासारखी.

"वाजीव शिट्टी," मी म्हटलं.

"शिट्टी पुन्याच्या मानसांला." तो माझ्याशेजारी उकिडवा बसला. तुटलेलं खोड हातात घेऊन बघितलं. "गौरीला पायजे व्हता व्हय? आसा वढायचा नसतो, दाजी. आक्का मातीत बोटं घालायची, मुळाच्या खालनं, आन् नुसती हालवत ऱ्हायची. यायचा तवा त्यो आपुन यायचा. मलाबी तिनंच शिकीवलं. म्हनून तर मला काढता याया लागला."

"तुला कशाला काढाया लागत होता?"

"तिला द्यायला. तिची शेवटली पाच वर्सं मीच काढून खाली नेऊन देत व्हतो."

"खाली कुठं?"

"धोंड्यापशी. गावातनं वाट वर चढती तितं. आक्का तितंच बसायची. वर कुठं येत व्हती ती?"

मला कळेना हा कुणाबद्दल बोलतोय. "दर साली यायची," मी म्हटलं. "मला सांगायची की. वर काय काय फुललंय, समदं सांगायची."

"त्ये मीच सांगायचो तिला. धोंड्यावर बसून इचारायची, वर काय काय फुललंय, नीट सांग, काय सोडू नको, घरी जाऊन सांगायचंय." गाईडनं माझ्याकडं बघितलं आणि त्याचा आवाज बारीक झाला. "तिला दम लागायचा, दाजी. पयल्या साली निम्म्यातनं माघारी फिरली. छातीवर हात धरून. मंग चढलीच न्हाई. तुमाला... तुमाला ठावं न्हाई?"

पठारावर पोरं हसत होती. ढग आला आणि गाईड दोन हातांवर असून पुसट झाला. बरं झालं.

पाच वर्षं. पाच वर्षं माझ्या बायकोला दम लागत होता, हे या डोंगराला माहीत होतं, खालच्या धोंड्याला माहीत होतं, शिट्टीवाल्या गाईडला माहीत होतं. एका छपराखाली राहून मला माहीत नव्हतं. ती पाण्याची कळशी दोनदा टेकवायची, ते मी बघितलं होतं. म्हटलं, वय झालं. जिन्यात थांबून पदर सारखा करायची. म्हटलं, बायकांचं असतं. आणि ती मेल्यावर गावभर मीच सांगत फिरलो, अचानक गेली, अचानक गेली.

"मला का सांगितलं न्हाई?" मी विचारलं. गाईडला काय विचारतोय, पण दुसरं होतं कोण.

"मी म्हनायचो तिला, दाजींच्या कानावर घाला, दवाखाना करा. तर म्हनायची, त्यांना कळलं तर डोंगर बंद करतील. म्हनतील, बाजारातनं आन."

मी तसंच म्हणालो असतो. शब्दाशब्दानं तसंच. दवाखान्याचं नंतर, आधी ते म्हणालो असतो.

गाईड उठला, थोडं पुढं गेला, एका रोपापाशी बसला आणि मातीत बोटं घातली. "ह्यो घ्या. नियम गावानं केलाय, आन् गावच्या लेकीला नियम न्हाई. शेवटचा बी मीच दिला व्हता तिला. आता तुमी न्या."

"थांब," मी म्हटलं. "काढू नको."

"मंग गौर?"

"ऱ्हाऊ दे. दुसऱ्यानं काढून दिलेली गौर पाच वर्सं आली आमच्या घरात. मी एकदा बी बघितलं न्हाई, ती कोन काढतंय."

त्यानं बोटं बाहेर काढली आणि मुळांवर माती परत दाबली. मग शिट्टी तोंडात धरली, पण वाजवली नाही. नुसती धरून ठेवली.

उतरल्यावर खाली वाट संपते तिथं त्यानं हातानं दाखवलं. काळा, बसका धोंडा. एका अंगाला माणूस टेकेल अशी झीज. आणि धोंड्याच्या भोवती, रस्त्याच्या कडेला, हाताला लागेल इतका जवळ तेरडा फुललेला. तिला हवा असता तर बसल्या जागी काढता आला असता. मी गाईडला विचारलं, मग वरचाच का? तो म्हणाला, "मी बी इचारलं व्हतं. म्हनाली, वरचा पायजे. बाकी काय बोलली न्हाई."

परतीच्या गाडीत सुनेनं पाण्याच्या बाटलीसाठी माझी पिशवी उघडली. आत ओलं गोणपाट, आणि त्यात तीन तुटके तेरडे. टाकवले नव्हते मला. तिला कळलं. बीडची असली तरी हिच्या हाताखाली शिकलेली.

"मामा, तुम्ही गौर आणायला गेला होतात?"

"व्हय."

"मग मंगळवारी बसवायची?"

"न्हाई. पाय न्हाईत तिला."

"बाजारातून आणू एक. मी आणते."

"न्हाई म्हटलं ना."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती चिवट आहे. "मामा, हे भावकी म्हणतेय का तुम्ही?"

"मी. भावकीचं नाव घ्यायचं न्हाई. हा सण हिच्या मरणानं बंद न्हाई पडला. माझ्यामुळं पडलाय." आणि मग मी तिला धोंड्याचं सांगितलं. सगळं. चाकणच्या चौकात गाडी अडकली होती, शिफ्ट सुटलेली माणसं काचेबाहेरून जात होती, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी सलग इतकं बोललो. तिनं तुटके तेरडे परत गोणपाटात गुंडाळले आणि पिंपळे सौदागर येईपर्यंत मांडीवरून खाली टेकवले नाहीत. मी तिला तसं सांगितलं नव्हतं.

मंगळवारी सोसायटीत मजल्यामजल्यावर कुंकवाची पावलं होती. आमच्या दारात नव्हती. लिफ्टमध्ये एक शेजारीण हातात ताट घेऊन उभी. म्हणाली, "काका, तुमच्याकडे हळदीकुंकवाला कधी येऊ?"

"आमच्यात बंद हाय," मी म्हटलं. ती ओशाळली. मी काही सावरून घेतलं नाही.

सुनेनं डबा दिला होता. बसनं चाकण, मग पुढं एसटी, आणि अकराच्या सुमाराला मी धोंड्यापाशी पोचलो. झिजलेल्या अंगाला बसलो. वर चढलो नाही. तिला चढवत नव्हतं, मी कशाला चढू? वरून मधूनमधून शिट्टी ऐकू यायची, कुणीतरी फुलाला हात लावला असेल. रस्त्यानं गावातल्या पोरी हातात तेरडा घेऊन गेल्या, मुळांना ओली माती तशीच. त्यांनी माझ्याकडं बघितलं, कोण म्हातारा म्हणून. मी सुनेचा डबा उघडला. पुरणपोळी होती. गौर नाही तरी तिनं पुरण घातलं होतं. मी अर्धी खाल्ली. अर्धी धोंड्यावर ठेवली, मग मुंग्या लागल्या, लागू दिल्या.

दुपारी गाईड लोकांना घेऊन उतरला. मला बघून थबकला. लोकांना गाडीकडं लावून दिलं आणि माझ्याजवळ येऊन बसला.

मग मी त्याला म्हटलं, "वर काय काय फुललंय? नीट सांग. काय सोडू नको."

त्यानं सांगितलं. सोनकी वाढलीय, कवला आता उतरणीला लागली. कारवी यंदा फुलायची नाही, तिचं साल नाही. कातळावरची आसवं कालच्या उन्हानं सुकली. दगडाआड, मी तीन रोपं तोडली तिथं, मुळं अजून मातीत आहेत, पण वर काही राहिलं नाही. मी मध्ये एकदाही हं म्हटलं नाही.

घरी आलो तेव्हा मुलगा ड्युटीवरून आला होता. जेवत होता, डाव्या हातात मोबाईल. मी त्याच्यासमोर बसलो आणि म्हटलं, "यंदा सोनकी लई हाय डोंगरावर."

"हं," तो म्हणाला. मान वर केली नाही.

मी त्याच्या हातातला मोबाईल काढून घेतला, सुनेकडं दिला, आणि पहिल्यापासून सांगायला लागलो.